धामणीचे डोळे

अंबरनाथ, शुक्रवार संध्याकाळ, ऑगस्ट १९८७

आज कॉलनीतल्या लोकांनी माझ्या मोरीमागची धामण मारली. मारून थांबले नाहीत, दगडाने तिचे डोळेही ठेचले. का, तर डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उतरतो, तो बघून जोडीदार सूड घ्यायला येतो. गेल्या रविवारी व्हिडिओ आणून सगळ्यांनी नागिणीचा पिक्चर पाहिला, त्यातलंच हे. खुर्च्या मीच मांडल्या होत्या.

भांडी घासताना मोरिवली गावची कामवाली बाई म्हणाली, "साहेब, धामण ती. उंदीर खायची बिचारी. आम्ही नाय मारत."

मला ठाऊक नव्हतं का? दोन वर्षं बघत होतो तिला. मग बोललो का नाही? खरं लिहायचं तर, बायको गेल्यापासून एवढी माणसं घरी आलीच नव्हती. मी सगळ्यांना चहा केला. ते ठेचलेले डोळे अंगणात तसेच.

जाताना शेजारचा म्हणाला, "काका, आठ दिवस मागचं दार लावून ठेवा. जोडीदार येईल."

दार उघडंच ठेवलंय. जोडीदार गेल्यावर सूड घ्यायला कोणी निघत नाही. घरात बसून राहतो, एवढंच.