गुडघ्याआधी दाढ

तारनाका, हैदराबाद
१० मार्च २०२५

चि. रेणुका हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. चोवीस तारखेला माझा उजवा गुडघा बदलणार आहेत. बोलावलं गुडघ्यासाठी आणि फोटो काढला मानेचा! संधिवातानं मानेचे मणके सैल होतात, भूल देण्याआधी बघावं लागतं म्हणे. हाडं मऊ, कातडी पातळ. बोटं वाकडी, म्हणून कोपर टेकवायचा वॉकर मिळणार.

बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अकरा पायऱ्या चढायच्याच आहेत. तीन वर्षं खाली खुर्चीवर बसते आणि लोक मला चपला सांभाळायला सांगतात.

एक तुलाच सांगते. दाढ ठणकते आहे, हिरडीतून पू येतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हटलं, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलतील. लवंग धरून बसले आहे. सूनबाईला, गीताला, कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी अक्का,
सखू

नांदेड
१५ मार्च २०२५

ती. सखूअक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच गीताला सगळं कळवलं. रुसायचं तर रूस. लहानपणी तू चोरून चिंचा खाल्ल्यास की मी आईला सांगायचे, ती सवय गेलेली नाही.

इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. संधिवाताच्या औषधांनी तुझी प्रतिकारशक्ती आधीच कमी, दाढेतला पू नव्या सांध्यात उतरला तर सांधाच काढावा लागेल. मला भीती वाटली गं. पौर्णिमा पुढच्या वर्षीही येईल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
रेणुका

तारनाका, हैदराबाद
४ ऑक्टोबर २०२५

चि. रेणुका हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सहा महिने मुद्दामच लिहिलं नाही. नारायणगुड्याचे दातांचे डॉक्टर नक्को घबराव, नक्को घबराव म्हणत दाढ उपटून मोकळे झाले. ऑपरेशन जूनवर गेलं. पौर्णिमेला मी पुन्हा चपला राखल्या आणि दिवसभर तुझ्या नावानं बोटं मोडली, वाकडी असली तरी.

जूनमध्ये गुडघा बसला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही संधिवात. वर्षभरापूर्वी बसवलेल्या सांध्यात पू झाला, म्हणून तो काढायला त्यांना आणलं होतं. त्यांनीही दाढ लपवली होती, पण त्यांना बहीण नव्हती. त्या रडल्या, मग मीही रडले.

परवा विजयादशमीला अकराही पायऱ्या चढले. दोनदा थांबले, गीता मागे होती. वर बसून सगळ्यांसाठी मंगल कामना केली. तुझ्यासाठी मात्र वेगळी केली, की तुझा चोंबडेपणा कधी बरा न होवो.

लोभ असू दे.
तुझी अक्का,
सखू