पत्ता लागत नाही

४ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर झाली, पीएचडी झाली, तरी पोरगी अजून शिकतेच कशी, हा तुझा प्रश्न मी आमच्या सरांना ऐकवला. ते हसून म्हणाले, सिस्टरना सांग, साठी आली तरी मीही शिकतोच आहे. तू त्यांच्या वॉर्डात सिस्टर होतीस तेव्हा तुझ्या हाताखाली सगळे सर्जन कसे सरळ चालायचे, हेही त्यांनी सांगितलं!

सध्या मी तुझ्याच जुन्या वहीत बुडाले आहे. ज्या दोनशे बारा मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ती तान्ही असताना सरांनी केली, त्यांचं पुढे काय झालं, ते शोधायचं आहे. तू दरवर्षी घरोघरी कार्ड पाठवून उत्तरं टिपून ठेवलीस म्हणून हे काम होतंय. एकतीस नावांपुढे मात्र ‘पत्ता लागत नाही’ असा शेरा आहे. अशी नावं वगळायची रीत आहे, तशी मी वगळली. उरलेल्यांत पहिल्या पाच वर्षांनंतर एकही मूल दगावलेलं नाही. म्हणून आम्ही लिहिणार आहोत की पाच वर्षं नीट गेली, तर दरवर्षीची तपासणी बंद केली तरी चालेल. लांबून येणाऱ्या आईबापांचे हेलपाटे वाचतील.

वीस तारखेला लेख जाईल. त्यावर माझं नाव पहिलं आहे, तेव्हा आत्तापासूनच मिरवायला लाग. गुडघ्याला जप. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी ठमी

९ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

उत्तर लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. लेख पाठवू नकोस. पुढचं वाच आणि मग मला काय बोलायचं ते बोल.

त्या एकतिसांतल्या अकरा घरांचा पत्ता मला पक्का ठाऊक होता. ती मुलं गेली, ठमे. कुणी सात वर्षांचं, कुणी नऊ, एक मुलगी चौदाची. चांगली खेळती मुलं अचानक कोसळली. आईबाप येऊन मला सांगून गेले आणि मी वहीत खोटं लिहिलं.

‘मृत’ असं लिहिलं की ऑफिसातून त्या घरी सात पानी फॉर्म जायचा. औषध कधी चुकलं होतं का, मूल पडलं तेव्हा जवळ कोण होतं, दवाखान्यात न्यायला उशीर का झाला. एका आईचं बाळ दुसऱ्याच वर्षी गेलं होतं. तिने तो फॉर्म माझ्या टेबलाशी बसून भरला. चौथ्या पानावर पेन खाली ठेवून तिने मला विचारलं, की म्हणजे माझंच चुकलं का? त्यानंतर माझ्या हातून तो शब्द उतरेना. दुसरा शेरा लिहिला की फॉर्मही जात नसे आणि दरवर्षीचं कार्डही. खपली कशाला काढायची, असं वाटायचं. ती वही कुणी मोजायला घेईल, हे डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं नोकरी केली, एक इंजेक्शन चुकवलं नाही, आणि इथे माती खाल्ली.

अकराही नावं मागच्या पानावर लिहिली आहेत. सरांना दाखव. माझी गय करू नकोस.

तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास सा. न.

आधी संताप आला. मग पाठवायचा लेख पुन्हा उघडला. इतक्या घरांना आम्ही सांगणार होतो की आता येऊ नका, आणि माझं नाव त्यावर पहिलं असणार होतं.

सरांनी यादी वाचली. नंतर एकेका नावावर बोट ठेवून कोणत्या मुलाला टाके कुठे घातले होते ते सांगत गेले. सात जण त्यांना आठवले. ते म्हणाले, तपासणी बंद करा हे वाक्य आजच खोड, पण सिस्टरच्या आठवणीवर आकडा लिहिता येणार नाही, घरच्यांनी सांगायला हवं. तुझ्याबद्दल एवढंच म्हणाले, की तो सात पानी फॉर्म त्यांनीच तयार केला होता.

म्हणून अकरा घरांना पत्रं तूच लिही. छापील काही पाठवायचं नाही. मी त्यांची कोण? तुला ते ओळखतात. रागावले आहे, पण तुझीच आहे.

ठमी

२१ एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

अकरा पत्रं लिहिली. वहीत काय लिहिलं होतं, तेही प्रत्येकात कबूल केलं आणि आता माझी भाची ही मुलं मोजते आहे, हेही सांगितलं. दोन परत आली, दोघांचं अजून काही नाही. सात उत्तरं सोबत आहेत. कुणीही मला वाईट बोललेलं नाही, त्याचाच जास्त त्रास होतोय.

चौदा वर्षांच्या मुलीच्या आईचं पत्र सगळ्यात वर ठेवलं आहे. मुलगी जायच्या आधी तीन आठवडे छातीत फडफडतंय म्हणायची. परीक्षेची धास्ती असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. ते नीट वाच, तुझ्या कामाचं आहे. त्या लिहितात, की मुलगी गेली आणि कार्ड यायचं बंद झालं. तीन वर्षं त्या पोस्टमनची वाट पाहत होत्या. नंतर त्यांनी मनाची समजूत घातली, की दवाखान्याच्या लेखी आपली मुलगी कधी नव्हतीच. ठमे, मी त्यांना जपत होते गं.

आमच्या मुलीला आता तुमच्या भाचीने मोजलं का, तेवढं कळवा, असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे. उत्तर माझ्याकडे मागितलंय, पण ते तुझ्या हातचं जाऊ दे.

या म्हातारीवर जमेल तेवढी माया ठेव.

तुझी आत्या