रिकामं नळकांडं

१७ जानेवारी १९९५

ओळखलंस का गं, वही? नाही ना! गेल्या सालची तुझी बहीणही अशीच. वर्षभर तिच्यापाशी बोलले, आणि डिसेंबर संपला तशी ती माळ्यावर जाऊन बसली, जशी काही ओळखच नाही. म्हणून पुन्हा सांगते. मी विलासची आई. विलास इथेच फ्रीगंज भागात बँकेत आहे, दरसाल एक डायरी आणतो. मला अक्षर येत नाही. मी बोलते, सूनबाई उषा लिहिते. यातलं घरात काही फुटणार नाही अशी तिने शपथ घेतलीय. घेतलीयस ना? "हो आई, बोला पुढे."

आज दिल्लीहून प्रतिभाचा फोन. माझी थोरली. फौजेच्या नकाशांच्या दफ्तरात साहेब आहे. लग्न केलं नाही. म्हणते वेळ मिळाला नाही! हल्ली परदेशी फौजांना आपल्याशी दोस्ती करायचीय. कोकाकोला आला, मागोमाग फौजा आल्या. दोन्हीकडचे जवान मिळून सराव करणार, तर दोघांच्या हातात एकच नकाशा हवा. त्यांनी आकाशातून काढलेले फोटो इकडे, आपले नकाशे तिकडे. कुठला द्यायचा, कुठला ठेवायचा, कुठल्यातला पूल पुसून द्यायचा, हे सगळं प्रतिभा ठरवते. लहानपणी हिला भाजीला पाठवलं की पिशवी दुकानात विसरून यायची. आता देश तिच्या भरवशावर आहे.

२३ जानेवारी

घोळ झालाय.

त्यांचा एक गोरा मेजर दिल्लीत आला होता. नळकांड्यात घालून फोटो घेऊन आला. बदल्यात आपण नकाशे द्यायचे ठरलेले — पण आपली फाईल वर कुठेतरी सहीला अडकलेली. बैठक संपली. मेजर उठला. टेबलावर त्याचं नळकांडं, रिकामं. प्रतिभाच्या कपाटाच्या दारावर आपल्या क्षिप्रेकाठच्या मागच्या सिंहस्थ मेळ्याचा नकाशा चिकटवलेला होता, यात्रेकरूंना वाटतात तो. घाट, धर्मशाळा, संडास, मोटारी कुठे उभ्या करायच्या. तो तिने काढला, गुंडाळला, नळकांड्यात घातला आणि दिलं.

"आई, हात आपोआप गेला गं."

जाणारच! शेजारणीचं भांडं आपल्याकडून रिकामं गेलंय कधी? घरात काही नसलं तर चमचाभर साखर. हे तिने चार वर्षांची असल्यापासून पाहिलंय.

मेजर खूष झाला म्हणे. बोट ठेवून विचारलं, हे काय? 'खोया-पाया केंद्र.' हरवलेली माणसं इथे मिळतात. तो म्हणाला, आमच्या फौजेतही असं एक पाहिजे.

पण त्या खोलीतून चिटोरंही बाहेर जायचं तर नोंद लागते आणि दोन सह्या लागतात. हिची नोंद नाही, सही नाही. त्यात नकाशावर क्षिप्रेवरचा रेल्वेचा पूल छापलेला. चौकशी लागली. तोवर तिच्या टेबलावर दुसरंच कोणी बसतं. दोन वर्षांत सगळ्यात वरची खुर्ची मिळायची होती पोरीला.

२४ जानेवारी

विलासचा हुकूम — फोनवर 'नकाशा' म्हणायचं नाही. मग काय म्हणू? "दुपट्टा म्हण." तर आमच्या घरात कालपासून दुपट्ट्याची चौकशी चालू आहे.

३० जानेवारी

चौकशीला चौबे नावाचा माणूस आला. साधे कपडे, पायात सरकारी बूट. सोफ्याच्या कडेवर बसला. उषाने चहा दिला.

"माताजी, प्रतिभाजी घर पे नक्शे रखती हैं?"

"बेटा, वो नक्शा तो देवास गेट पे मिलता था. फुटपाथ पे."

"मालूम है माताजी. मेरे घर में भी है."

"फिर?"

"फिर क्या. पूछना पड़ता है."

चहा प्याला. मग म्हणाला, किसी के कहने पे दिया क्या? मी म्हटलं, मेरे कहने पे. खाली बर्तन लौटाना मैंने ही मना किया था, लिख लो. त्याने खरंच लिहून घेतलं! उषाने वाकून पाहिलं. लिहिलं होतं — 'माता का प्रभाव'.

माणूस गेल्यावर उषा माझ्यावर चिडली. "आई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" आता मीही फाईलमध्ये आहे.

४ फेब्रुवारी

वरच्या साहेबांनी तोड काढली. प्रतिभाने चार ओळी लिहून द्यायच्या — गुप्त नकाशा चुकून दिला, माफी असावी. फाईल बंद, टेबल परत.

प्रतिभा लिहीत नाही!

विलास फोनवर ओरडला, "ताई, लिही आणि सुट्टी कर!" ती म्हणाली, "विलास, गुप्त काय आणि उघड काय, जन्मभर मी हेच सांगत आले. बाहेरचे लोक आमचा कागद घेतात ते माझ्या त्याच शब्दावर. आता टेबलासाठी उघड्याला गुप्त म्हणू?"

मी रिसीव्हर घेतला. मीसुद्धा म्हटलं, लिहून टाक बाळ. दुपट्टाच तर आहे.

फोन तिनेच ठेवला.

५ फेब्रुवारी

फोन नाही.

११ फेब्रुवारी

प्रतिभाचा फोन. खिचडीत मीठ किती घालायचं, विचारलं. एवढंच. पन्नाशीला आलेली बाई!

१२ फेब्रुवारी

विलासला म्हटलं, मालवा एक्सप्रेसचं दिल्लीचं तिकीट काढ. "आई, या थंडीत? तू तिथे जाऊन करणार काय?" म्हटलं, मीठ दाखवणार.

१९ फेब्रुवारी, दिल्ली

अक्षर वेगळं दिसतंय ना? हात प्रतिभाचा आहे. माफी न मागता नोकरी सोडली तिने, परवा. सकाळी दहा वाजताही घरीच असते, म्हणून लिहायला बसवलीय. पहिल्याच ओळीला विचारते, "आई, हे ठेवू की गाळू?" म्हटलं, सगळं ठेव.

उषाला फोन करायचाय. लवंगेची शेव पाठव म्हणावं, मोठी पिशवी. ती आम्ही दोघी संपवू. लाडू नकोत. लाडू आल्या-गेल्याला लागतात, आणि इथे आता कोणी येत नाही.