जिया कोणाजवळ

३ जुलै, गुरु.
जियाला शाळेत सोडलं. दुपारी आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात. थेंब बदलून दिले. मस्कतहून कामावरचा मेसेज: रजा संपत आली, येणार की नाही ते १३ तारखेपर्यंत कळवा. जियाची आई, मारी, वारली त्याला आज अडीच महिने. आईला मेसेजचं सांगितलं नाही.

५ जुलै, शनि.
जेवताना आईचा आवाज चढला. "भाकर देऊ का म्हणलं तर भुवया काय उडवती गं? आजीला?" जिया रडायला लागली. आईला सांगितलं, मारीकडं फिलिपिन्सला भुवया वर केल्या की 'हो'. आईनं भाकरीची टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे आठ दिस लेकरू हो म्हणतंय, अन् मी भाकर उचलून न्हेतेय."
संध्याकाळी तिला न विचारता दोन वाढल्या. तिला एकही संपली नाही.

७ जुलै, सोम.
लोलाचा व्हिडिओ कॉल. मारीची आई; लोला म्हणजे तिकडं आजी, जियामुळे मीही तेच म्हणतो. जियानं मोबाइल कपाळाला लावला. तिकडं मोठ्यांचा हात असा कपाळाला लावतात, आपण पाया पडतो तसं. लोला म्हणाली, पोरीला माझ्याकडं पाठव. मारीलाही तिच्या आजीनंच वाढवलं, मी कुवेतला लोकांची घरं सांभाळत होते. काय वाईट झालं?
मारी सांगायची, आईनं कुवेतहून खोक्यातून पाठवलेला साबण ती कोणाला वापरू द्यायची नाही. उशीखाली ठेवायची. आई परत आली तेव्हा ही सोळा वर्षांची. विमानतळावर दुसऱ्याच बाईला जाऊन बिलगली.
लोलानं ते पाहिलंच असेल. मी विषय काढला नाही.

९ जुलै, बुध.
आईला मस्कतच्या मेसेजचं सांगून टाकलं. "जा की. मी हाय ना. तुला न्हाई का ठिवलं सासूबाईजवळ? आमी कारखान्याला गेलो म्हणून तू शिकलास."
खरं आहे. दिवाळी झाली की आई-बाबा ऊस तोडायला, मी आज्जीजवळ. ट्रॅक्टर निघायच्या दिवशी मी तासभर आधीच शाळेत जाऊन बसायचो. त्यांना जाताना बघायला नको म्हणून. आईला वाटायचं, पोराला शाळेची लई गोडी. आजही लोकांना कौतुकानं सांगते. आता खरं सांगून…

११ जुलै, शुक्र.
इथं अंबाजोगाईतच एका लॅबमध्ये नोकरीचं विचारून आलो. 'बघू' म्हणाले.
जियाला विचारलं, मी कामाला गेलो तर कोणाजवळ राहशील? विचारायला नको होतं. ती म्हणाली, "आजीजवळ. आजी मेली की लोलाजवळ. मग?"
आई आतून ओरडली, "अगं भवाने, आत्ताच न्हाई मरत मी!" जिया हसली.

१३ जुलै, रवि.
आई जियाला घेऊन सकाळच्या बसनं धारूरला मावशीकडं गेली. मला म्हणाली, "आज काय ते कळीव. रोज तुझं तोंड बघवंना."
'येतो' लिहिलं, पुसलं. 'येणार नाही' लिहिलं, तेही पुसलं. लॅबवाल्यांचा फोन नाही. घरात तीन वेळा झाडू मारला.
चार वाजता मस्कतचा फोन. तेवढ्यात नळाला पाणी आलं, आठ दिवसांनी. फोन वाजत होता. मोटर लावली. आधी टाकी भरली, मग ड्रम, मग कळश्या. पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला. मग 'येणार नाही' लिहिलं, आणि पुसायच्या आत पाठवलं.