साखऱ्याचा हिरवा चौकोन

सेनगाव, गुरुवार दुपार

आदरणीय प्रेमानंद मामांना भाचा रत्नपालचा सप्रेम जयभीम. इकडे आमची तब्येत धडधाकट आहे, डोक्याचं मात्र सांगवत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? करुणामामींनी तुमचं गोड खरंच बंद केलं, की तुम्ही तसं फक्त पाहुण्यांना सांगता? (मोबाइलवर लिहिलं असतं तर तुम्ही अंगठा पाठवून मोकळे झाला असता, म्हणून कागद. शेजारच्या देविदासची गाडी उद्या पहाटे पुण्याला निघते, त्याच्या हाती देतो आहे.)

तर आमच्या शिक्षण संस्थेने अखेर नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. पुण्यात तुमचं कामच हे, त्यामुळे वाटेल की भाचा मार्गाला लागला. तसं काही झालेलं नाही. सेनगावचं ऑफिस, वारंगा फाट्याचं कॉलेज आणि साखऱ्याची शाळा अशा आमच्या तीन जागा. साखऱ्याची लाइन जाते हे तिथल्या कबुतरांनाही ठाऊक आहे, का जाते हे कुणालाच नाही. तुमची भाचेसून ज्योती तिथेच शिकवते. तिच्या एकेचाळीस मुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म परवा शनिवारपर्यंत ऑनलाइन गेले पाहिजेत. शनिवारीच संस्थेचे कॉम्प्युटर सांभाळायच्या माझ्या अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर पुन्हा सही व्हायची आहे, आणि अध्यक्ष उत्तमरावांनी आधीच बजावलंय की साखऱ्याची लाइन बंद निघाली तर सही विसरायची.

मी तुम्ही सांगितलेलं फुकटातलं सॉफ्टवेअर सुचवलं होतं. लाइन पडली की मोबाइलवर निरोप येतो, कुठे पडली तेही कळतं. पण आमच्याकडे खरेदी समिती आहे ना! तीन माणसं. एकाला कॉम्प्युटर चालू करता येतो, दुसऱ्याला बंद करता येतो, तिसऱ्याला दोन्ही येत नाही म्हणून तो समितीचा प्रमुख. प्रमुख म्हणाले, "फुकटाचे तीन कोटेशन कुठून आणता? ऑडिटला काय दाखवता?" झालं, चांगली वस्तू बाद. मग हिंगोलीचा दुकानदार रणजीत तीन कोटेशनं घेऊन आला, तिन्ही त्यानेच टाइप केलेली. (एकावर भलत्याच दुकानाचा शिक्का पडला होता, तो त्याने समितीसमोरच खोडून दुसरा मारला. समितीने त्याच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं.) निरोप येतो का, हे कुणी विचारलं नाही. पडदा केवढा येतो, हे तिघांनी विचारलं. अध्यक्षांच्या खुर्चीसमोर आता खाटेएवढा टीव्ही लागलाय आणि त्यावर तीन जागांचे तीन चौकोन आहेत. लाइन चालू तर हिरवा, बंद तर लाल.

सोमवारी उद्घाटनाला हार होते, पेढे होते, फोटोवाला होता. उत्तमरावांनी बटण दाबलं आणि साखरा लाल! खरं तर यंत्राने पहिल्याच दिवशी चोख काम केलं होतं. पण पाहुण्यांपुढे पोराने शिवी द्यावी तसा उत्तमरावांचा चेहरा झाला. "चांगल्या कामाला लाल काहून दाखवून राहिलं हे? हिरवं करा!" रणजीतला घाम फुटला. चार मिनिटं कीबोर्ड खडखडला आणि साखऱ्याच्या चौकोनात आमच्याच ऑफिसच्या यंत्राचा पत्ता बसला. म्हणजे आता सेनगाव सेनगावलाच विचारतं, आहेस का, आणि सेनगावच उत्तर देतं, आहे. फोटो निघाला, पेढे संपले, सगळे घरी गेले.

तेव्हापासून साखरा हिरवागार आहे. प्रत्यक्षात सोमवारपासून तिथली लाइन ठार बंद आहे. ज्योतीने अध्यक्षांना फोन केला, संस्थेची जीप द्या, मुलींना सेनगावला आणून फॉर्म भरते. उत्तमरावांनी पडद्यावरून नजरही हलवली नाही. "लाइन बराबर हाय, बाई. माझ्या डोळ्यासमोर हाय. तुमालाच कॉम्प्युटर जमून नाही राहिला, उगा पोरींना कशाला तकलीफ?" मामा, असल्या अडाण्यांच्या हाताखाली मी दिवस कसे काढतो ते माझं मला माहीत. मामींना जयभीम, लेकरांना गोड पापा.

तुमचा भाचा,
रत्नपाल

ता. क. १ : एक राहिलंच. तो पत्ता रणजीतने नाही, मी बसवला. पत्ता कुठे लिहितात हेही त्याला ठाऊक नव्हतं. तर विनंती अशी की तुम्ही या. पुण्याचा माणूस म्हटलं की उत्तमराव ऐकतात. यंत्रात दोष होता, तो काढला, एवढं सांगा. फक्त रविवारी या. शनिवारी माझी सही होऊ द्या.

ता. क. २ : पाकीट बंद करायच्या आत ज्योतीने पत्र वाचलं. सोमवारपासूनचा अबोला तिने मोडला तो एवढ्यापुरताच, "मामा रविवारी येऊन काय करतील? माझ्या पोरींची तारीख तर शनिवारीच संपून राहिली." मी पाच वाजता ऑफिसात गेलो आणि उत्तमरावांच्या समोरच खरा पत्ता बसवला. साखरा लाल झाला. काय केलं होतं तेही सांगितलं. जीप उद्या सकाळी साखऱ्याला जाते आहे. माझ्या नेमणुकीचा कागद त्यांनी सही न करता ड्रॉवरमध्ये टाकला. तुम्ही येऊ नका. तुमच्या ऑफिसात एखादी जागा असली तर तेवढं कळवा.