सगळ्यांचं ९.८

१० फेब्रु., मंगळ.
हसू की रडू. एस.वाय.चं केमिस्ट्री प्रॅक्टिकल, पाण्यातलं मीठ मोजायचं. यंदा मुद्दाम लॅबचं द्रावण न देता वर्गातल्या वनिताच्या बाबांच्या मिठागरातलं डबाभर पाणी दिलं. तरी बावीसही जर्नलांत रीडिंग ९.८! सीनियरची जर्नल उतरवायची आपली थोर परंपरा. मीही हेच केलंय म्हणा. जर्नल्स परत. सही नाही.

१२ फेब्रु.
नवा नियम: आधी अंदाज लिहा, मग मोजा. पेनाने. खोडायचं नाही.
विभागप्रमुख पाटील सर: "बाहेरचे परीक्षक येतात, मॅडम. रीडिंग जुळली नाहीत तर मार्क पोरांचे जातील. जबाबदारी तुमची."
घेते, मी म्हणाले.

१७ फेब्रु.
काय मजा आली आज! पाण्याचा डबा एकच, पण शेजारच्या टेबलावरच्या नाझनीनचं रीडिंग १४.६, वनिताचं १७.१. दोघी हमरीतुमरीवर. खरं कुठलं, मला विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. आभाळ कोसळलं नाही. तास संपला तरी कोणी हलेना, तिघांची एस.टी. चुकली.
शेवटी वनिता: "मॅडम, डब्यात मीठ तळाला बसलंय. हिने वरचं घेतलं, मी हलवून घेतलं. बाबा ढवळल्याबिगर बघतच न्हाय."
नाझनीन: "मंग माझं खोटं कसं? वरच्या पाण्याचं तेवढंच हाय."
बरोबर. दोन्ही लिहा म्हटलं. घरी येताना चक्क गुणगुणत होते.

६ मार्च
वनिता हळूच: "मला एम.एस्सी.ला जायचंय. मार्क लागतील. एकच रीडिंग घालून दुसरी जर्नल साफ लिहून ठेवू?"
घाबरले. माझ्या हौसेपायी हिचं नुकसान नको. तू ठरव म्हणाले.
तिने जर्नल मिटून पिशवीत टाकली. "ठेवते अशीच."

१२ मार्च, गुरु.
परीक्षा. परीक्षकांनी नेमकी वनिताचीच जर्नल उचलली.
"एका नमुन्याची दोन रीडिंग? खरं कुठलं?"
"दोन्ही, सर. का ते खाली लिवलंय."
वाचलं. पुन्हा वाचलं. पाटील सर माझ्याकडे बघेनात.
"डबा आहे का अजून?"
वनिता पळाली, मागोमाग नाझनीन. दोघींनी मिळून डबा आणला.
मार्कांचं पाकीट सील झालंय. काय दिलेत, देव जाणे. पण परीक्षक साहेबांनी बाह्या सरसावून स्वतः ब्युरेटची मोजनळी भरली, आणि पाणी घेण्याआधी डबा नीट हलवला.