आधी काम, मगच कोड

अहो,

आत्ता तुमच्या मोबाइलवर इंटरनेट कंपनीचा मेसेज आला : ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार दूर झाली आहे.’ असले मेसेज तुम्हाला ढिगाने यायचे. पण हा पहिला खरा! तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

तुमचा रविवारचा ऑनलाइन मराठी वर्ग मी चालू ठेवलाय. चेन्नईच्या दोन टोकांची, अड्यारची, अण्णा नगरची, वर्गातली सहाही मुलं येतात. पण तुमच्या वेळचं दुखणं तेच. गोष्ट रंगात आली की नेट गायब! मुलं तिकडे तमिळमध्ये गप्पा मारणार आणि मी इकडे थिजलेले चेहरे बघत बसणार. गेल्या रविवारी वर्गातल्या मीराची आई म्हणाली, "काकू, पुढच्या वेळीही असंच झालं तर वर्ग बंद करू या का?" तुम्ही गेलात, आता वर्गही जाणार?

कस्टमर केअरला फोन लावला. "खातेदारांनीच बोलायला हवं, मॅडम." म्हटलं, "खातेदार वारले. आता मी बोलणार." चेन्नईत जन्म काढून भाजीवाल्यापलीकडे कुणाशी तमिळ न बोललेली मी! आठवडाभर रोज बोलले, मोडकंतोडकं. आज रविवारी सकाळी, वर्गाच्या आधी, सेल्वम दारात हजर.

हाच तो तुमच्या ओळखीचा तंत्रज्ञ. आल्या आल्या मोडेम बंद करून चालू केला, हिरवा दिवा दाखवला आणि म्हणाला, "अम्मा, कोड सोल्लुंगा." कोड सांगा! तुमच्या मोबाइलवर येणारा तो कोड, जो दिला की तक्रार मिटली असं कंपनी धरते. तुम्ही दर वेळी लगेच सांगून टाकायचात!

अख्खी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात केलीत. दुरुस्तीनंतर स्वतः तपासल्याशिवाय कधी सही केली नाहीत. मग घरीच कसे हो विरघळायचात? "बिचारा उन्हातून आलाय," म्हणे! तो जिना उतरेपर्यंत नेट पुन्हा बंद आणि कंपनीच्या लेखी तक्रार मिटलेली.

मी म्हटलं, "मुदल्ल वेलै, अप्पुरम दान कोड." आधी काम, मगच कोड! आणि तुमची वही त्याच्यापुढे उघडली. तुम्ही काढलेली गच्चीची आकृती, पाण्याच्या टाकीखाली वायरच्या जोडावर लाल फुली. तेव्हा मी हसले होते, "आता गच्चीवर स्टेशन बांधताय का?" माझं चुकलं हो.

जोड तिथेच निघाला! ओला, वरची टेप सुटलेला. सेल्वमने फुलीवर बोट ठेवलं. "सार करेक्टा सोन्नार, अम्मा." सर बरोबर सांगत होते! मग मुकाट्याने खालपासून वरपर्यंत नवी वायर ओढली.

तरी कोड दिला नाही. त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि त्याच्यासमोर वर्ग सुरू केला. पूर्ण तास! एकदाही कुणी थिजलं नाही. मीराने अख्खं पान न अडखळता वाचलं, आणि तिची आई मागून म्हणाली, "काकू, पुढच्या रविवारी किती वाजता?"

मग सांगितला कोड. एकेक आकडा ठणकावून सांगितला. जिंकलात हो तुम्ही!

खातं तुमच्याच नावावर ठेवीन, मोबाइल रोज चार्ज करीन, दर रविवारी वर्ग भरवीन. आणि तुमच्या वतीने सही करायची वेळ आली, तर आधी सगळं तपासून घेईन. तुमची शपथ.

तुमची,
सुमन